एक छत्री, दोन उपग्रह



धाराशिव जिल्ह्यातल्या लोहारा तालुक्यात माकणी नावाचं गाव आहे. तेरणा नदीवरचं निम्न तेरणा धरण याच गावाजवळचं, त्यामुळे नाव पुष्कळांनी ऐकलेलं असेल. आभाळ भरून आलंय, सूर्य दिसत नाही आणि या गावात उभ्या राहिलेल्या परक्या माणसाला दिशा कळत नाही, असं झालं तर त्यानं कुणाला विचारायची गरज नाही. मान वर करून घरांवरच्या छत्र्या बघाव्यात. फुकट चॅनलवाल्या डीडी फ्री डिशची छत्री ज्या बाजूला तोंड करून बसली आहे, ती बाजू आग्नेय. अंदाजे आग्नेय नव्हे, जवळजवळ काटेकोर आग्नेय. फरक काढलाच तर एखाद्या अंशाच्या आतला. हीच छत्री मुंबईत पूर्वेकडे चारेक अंश जास्त वळलेली असते आणि नागपुरात दक्षिणेकडे नऊ-दहा अंश सरकलेली. माकणीच्या वाट्याला ही बरोबर मधली दिशा आली, याचं कारण गावाचे अक्षांश-रेखांश. त्यात गावाचं काही कर्तृत्व नाही, पण छत्री बसवणाऱ्याला त्याचा फार उपयोग होतो.

आजचा आपला विषय आहे घरची छत्री उपग्रहाकडे नेमकी कशी वळवायची, आणि एकाच छत्रीवर दोन उपग्रह घेता येतात का. या प्रश्नावर लोक मला रस्त्यात थांबवतात. सून कर्नाटकातली आहे, तिला कन्नड बघायचंय, म्हाताऱ्याला सह्याद्रीवरचा शेतीचा कार्यक्रम हवा, पोराला क्रिकेट. घर एक, गच्ची एक, छत्री एक. आणि दर महिन्याला रिचार्जचे पैसे मोजायची सगळ्यांची ऐपत नाही. २०१६ च्या दुष्काळात लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, ते तुम्हाला आठवत असेल. त्या वर्षी आमच्या भागात घरखर्चाला कात्री लागली तेव्हा पहिला बळी टीव्हीच्या रिचार्जचा गेला. छत्र्या गच्चीवर तशाच राहिल्या, खालचे पडदे काळे झाले. त्यातल्या कितीतरी छत्र्या नंतर थोड्याशा वळवून फुकट उपग्रहाकडे लावल्या गेल्या. नवी छत्री कुणी घेतली नाही. दोन नट सैल केले, छत्री वळवली, नट पुन्हा आवळले.

आता हा उपग्रह असतो कुठे, ते आधी बघू. विषुववृत्ताच्या बरोबर वर, जमिनीपासून ३५,७८६ किलोमीटर उंचीवर एक अदृश्य कडं आहे असं समजा. या उंचीवरचा उपग्रह पृथ्वीभोवती एक फेरी घालायला तेवढाच वेळ घेतो जेवढा पृथ्वी स्वतःभोवती फिरायला घेते. म्हणून तो आपल्याला एका जागी खिळल्यासारखा वाटतो. इंग्रज लेखक आर्थर क्लार्क यांनी १९४५ साली एका रेडिओविषयक मासिकात ही कल्पना मांडली होती. माणसानं पहिला उपग्रह सोडायच्या बारा वर्षं आधीची ही गोष्ट.

माकणी साधारण १८ अंश उत्तर अक्षांशावर आणि साडेशहात्तर अंश पूर्व रेखांशावर आहे. म्हणजे ते कडं आपल्या दक्षिणेला. बरोबर दक्षिणेकडे तोंड करून उभे राहिलात तर कड्याचा सर्वांत उंच बिंदू क्षितिजापासून ६९ अंशांवर येतो, जवळजवळ डोक्यावरच. तिथून कडं डावीकडे, पूर्वेला, हळूहळू खाली उतरतं आणि उजवीकडे पश्चिमेलाही तसंच. लग्नाच्या मांडवाची कमान असते ना, तशी कमान. या कमानीवर आपल्या कामाच्या जागा कुठे येतात? ८३ अंशांवरचा उपग्रह दक्षिणेपासून वीसेक अंश डावीकडे, उंची साडेसदुसष्ट अंश. साडेत्र्याण्णववरचा, म्हणजे फ्री डिशचा, आग्नेयेला आणि उंची ६१ अंश. १०५.५ अंशांवर एशियासॅट. तो आणखी पूर्वेकडे, आग्नेय आणि पूर्व यांच्या मध्ये, आणि उंची फक्त ५१ अंश. हे आकडे लिहून घ्या असं मी म्हणत नाही. एवढंच ध्यानात ठेवा की आपण जितके पूर्वेकडे जाऊ तितका उपग्रह खाली येतो. एका उपग्रहावरून दुसऱ्याकडे जाताना छत्री नुसती आडवी फिरवून भागत नाही, ती खालीवरही करावी लागते. गच्चीवर तासन्‌तास छत्री आडवी फिरवत बसलेली माणसं मी पाहिली आहेत. ती कमान विसरलेली असतात.

आणि बघणाऱ्याला वाटतं, ६१ अंश म्हणजे छत्री आभाळाकडे तोंड करून उताणी पडायला हवी. प्रत्यक्षात ती बरीच उभी दिसते. याचं कारण घरगुती लहान छत्री ही मोठ्या वाटीचा बाजूचा कापलेला तुकडा असते. तिची नजर तिच्या तोंडापेक्षा साधारण पंचवीसेक अंश वर असते. मागच्या पट्टीवर जे अंश छापलेले असतात ते हा फरक धरूनच छापलेले असतात, म्हणून आपण पट्टीवर विश्वास ठेवायचा, डोळ्यांवर नाही. मात्र पट्टी खरी केव्हा? खांब ओळंब्यात असेल तेव्हाच. गवंड्याचा ओळंबा घेऊन खांब दोन बाजूंनी तपासा. खांब दोन अंशांनी कलला असेल तर पुढचं सगळं गणित दोन अंशांनी चुकलं, आणि साठ सेंटीमीटरच्या छत्रीची नजर जेमतेम तीन अंशांची असते.

दिशेसाठी मोबाइलमधलं होकायंत्र चालतं. आपल्या भागात चुंबकाची उत्तर आणि खरी उत्तर यांत फरक जवळपास नाहीच, ही सोयीची गोष्ट. पण स्लॅबमधल्या सळया आणि लोखंडी खांब सुईला भुलवतात. खांबापासून दहा पावलं लांब उभे राहून दिशा घ्या आणि समोरचं एखादं झाड किंवा टाकी खूण म्हणून धरा.

याहून पक्की युक्ती मी सांगतो, तिला यंत्रही लागत नाही. वर्षात दोनदा सूर्य आपल्या नजरेत उपग्रहाच्या बरोबर मागून जातो. माकणीच्या अक्षांशावर हे दिवस १२ मार्चच्या आणि १ ऑक्टोबरच्या आसपास येतात. मार्चमध्ये सकाळी सव्वाअकराच्या सुमाराला आणि ऑक्टोबरमध्ये अकराला पाच-सात मिनिटं कमी असताना सूर्य जिथे असतो, तिथेच साडेत्र्याण्णवचा उपग्रह आहे. त्या वेळी गच्चीवर उभी काठी रोवा. तिची सावली पडेल त्याच्या बरोबर उलट्या दिशेला तुमची छत्री. ८३ अंशांच्या उपग्रहासाठी हीच वेळ मार्चमध्ये बाराला आणि ऑक्टोबरमध्ये पावणेबाराला येते, आणि एशियासॅटसाठी अनुक्रमे सव्वादहा-साडेदहा आणि दहा. त्या चार-पाच दिवसांत रोज काही मिनिटं चित्र अडखळतं, कारण सूर्य स्वतःच मोठा रेडिओ प्रक्षेपक आहे आणि त्याच्या गोंगाटात उपग्रहाचा बारीक आवाज बुडून जातो. लोक दुकानदाराला फोन करतात, बॉक्स बिघडला म्हणतात. बॉक्स बिघडलेला नसतो. दहा मिनिटं थांबा आणि तेवढ्यात काठीची सावली आखून घ्या.

आपल्या शेजारच्या गुलबर्गा जिल्ह्यानं, आता कलबुर्गी म्हणतात, छत्री आपल्या आधी पाहिली. १ ऑगस्ट १९७५ पासून ३१ जुलै १९७६ पर्यंत अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या मदतीनं इस्रोनं सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी नेली. त्या प्रयोगाचं नाव साइट. कर्नाटकातला त्याचा भाग होता विजापूर, गुलबर्गा, रायचूर. म्हणजे आमच्या सीमेपलीकडच्या आळंद-अफझलपूरच्या बाजूला लोक चावडीपुढे बसून उपग्रहावरचे कार्यक्रम बघत होते तेव्हा मराठवाड्यात टीव्ही ही ऐकीव वस्तू होती. त्या छत्र्या तीन मीटरच्या, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात त्या जाळीच्या केलेल्या. जाळीला भोकं असून काम कसं भागतं, असा प्रश्न मुलं विचारतात. लाटेच्या लांबीपेक्षा भोक बरंच लहान असेल तर लाटेच्या दृष्टीनं ती भिंतच असते. साइटची लाट पस्तीस सेंटीमीटरची होती. आजच्या घरगुती छत्रीची लाट अडीच सेंटीमीटरची, म्हणून तिला सलग पत्रा लागतो, आणि पत्र्याला पोचा पडला तर तो सिग्नललाही जाणवतो.

मग नव्वदचं दशक. केबलवाल्यांच्या आठ-आठ, बारा-बारा फुटी जाळीच्या छत्र्या तालुक्याच्या गावी आल्या. एशियासॅटवर स्टार आणि १९९२ च्या ऑक्टोबरपासून झी. त्याच दशकात आमच्या भागावर काय कोसळलं ते वेगळं सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी, सास्तूर हा सगळा टापू हादरला, हजारो माणसं गेली. जाड दगडी भिंती आणि वर मातीचं जड माळवद, हेच माणसांच्या अंगावर आलं. नंतर जी घरं बांधली गेली ती वेगळ्या पद्धतीची, काँक्रीटचे पट्टे आणि स्लॅबची. छत्रीच्या गोष्टीत हे कशाला, असं म्हणाल. माळवदावर छत्रीचा खांब रोवता येत नाही, माती पावसाळ्यात सैल होते आणि खांब कलतो. आज या गावांत घरोघरी छत्री सरळ उभी आहे ती स्लॅबमुळे. एक विनंती मात्र आहे. स्लॅबला भोक पाडू नका. सळईपर्यंत पाणी जातं आणि पाच-सात वर्षांत स्लॅबचे पोपडे सुटतात. भूकंपाच्या भागात घराची सळई गंजवून टीव्ही बघणं मला पटत नाही. सिमेंटच्या जड ठोकळ्यात खांब बसवा आणि ठोकळा नुसता गच्चीवर ठेवा. चाळीस-पन्नास किलोचा असला म्हणजे वारा त्याला हलवत नाही. पत्र्याच्या शेडवर तर छत्री बसवूच नका. वाऱ्यानं पत्रा थरथरतो आणि चित्रही थरथरतं.

घरगुती सेवा देशात २००३ साली सुरू झाली ती डिश टीव्हीची, ९५ अंशांवरच्या एनएसएस-६ या उपग्रहावरून. दूरदर्शनची फुकट सेवा १६ डिसेंबर २००४ ला त्याच उपग्रहावर आली. तेव्हा तिचं नाव होतं डीडी डायरेक्ट प्लस. मग ती २००७ मध्ये सोडलेल्या इन्सॅट-४बी वर, म्हणजे साडेत्र्याण्णव अंशांवर सरकली. दीड अंशाचं अंतर. कागदावर काहीच नाही, पण गच्चीवर सगळ्या छत्र्या पुन्हा हलवाव्या लागल्या. ७ जुलै २०१० ला त्या उपग्रहाच्या एका सौरपंखात बिघाड झाला आणि त्याची निम्मी क्षमता गेली. तेव्हा सन डायरेक्टच्या ग्राहकांच्या छत्र्या ९१.५ अंशांवरच्या मीसॅटकडे वळवायची पाळी आली. पुढे दूरदर्शनच्या सेवेचं नाव डीडी फ्री डिश झालं. नोव्हेंबर २०१५ मध्ये जीसॅट-१५ गेला आणि साडेत्र्याण्णवच्या जागेवर बसला. त्याचं आयुष्य बारा वर्षांचं धरलेलं आहे. म्हणजे उपग्रह बदलतील, पण जागा तीच राहण्याची शक्यता जास्त. आपल्याला महत्त्व जागेचं.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. दोन उपग्रह.

गच्चीवर चढण्याआधी एक गोष्ट तपासा. जे हवंय ते आहे त्याच उपग्रहावर नाही ना? मघाशी सुनेचं उदाहरण दिलं. दूरदर्शनची कन्नड वाहिनी चंदना आणि तेलंगणाची यादगिरी, दोन्ही फ्री डिशवर सह्याद्रीच्या सोबतच आहेत. बॉक्समध्ये चॅनलची यादी जुनी पडलेली असते, ती पुन्हा शोधायला लावली की निम्म्या घरांचा प्रश्न गच्चीवर न जाताच सुटतो. खासगी चॅनलचं मात्र भरवशाचं नसतं. फ्री डिशवर त्यांना जागा लिलावानं मिळते. मार्च २०१९ मध्ये झी, स्टार, सोनी यांचे काही लोकप्रिय फुकट चॅनल तिथून निघून गेले, २०२० मध्ये परत आले आणि एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा गेले. हे छत्री हलल्यामुळे झालं असं समजून कितीतरी लोकांनी चांगली बसलेली छत्री हलवली.

तरीही दुसरा उपग्रह हवाच असेल तर तीन परिस्थिती येतात.

पहिली, दोन उपग्रह अगदी शेजारी असले तर. साडेत्र्याण्णव आणि पंच्याण्णव हे शेजारी. आपली छत्री तीन अंशांची नजर बाळगते, म्हणून दोघांच्या मध्ये रोखली तर एकाच एलएनबीत दोन्ही येतात. एलएनबी म्हणजे छत्रीपुढच्या दांड्यावर बसवलेला तो डबा. दोन्हींचा सिग्नल थोडा थोडा कमी होतो, उन्हाळ्यात काही जाणवत नाही. जाणवतं ते पावसात, त्याबद्दल नंतर बोलू. आणि इथे एक गंमत आहे. लोकांना वाटतं मोठी छत्री आणली की जास्त उपग्रह दिसतील. उलट आहे. छत्री जितकी मोठी तितकी तिची नजर अरुंद. ती दूरचं स्पष्ट बघते, पण आजूबाजूचं बघत नाही.

दुसरी परिस्थिती, उपग्रह आठ-दहा अंश लांब असले तर. उदाहरणार्थ, एका भावाकडे ८३ अंशांवरच्या कंपनीचं रिचार्ज आहे आणि दुसऱ्याला फ्री डिश हवी. इथे छत्री एकच ठेवून तिच्यापुढे दोन एलएनबी लावता येतात. मुख्य एलएनबी मधोमध, साडेत्र्याण्णवसाठी. दुसरा बाजूला. कोणत्या बाजूला? इथेच बहुतेकांचा घोटाळा होतो. छत्री हा आरसा आहे. ८३ चा उपग्रह साडेत्र्याण्णवच्या पश्चिमेला आणि वर आहे, म्हणून त्याचा किरण छत्रीवर आपटून पूर्वेकडे आणि खाली येतो. तुम्ही छत्रीच्या मागे उभे राहून आभाळाकडे बघत असाल तर दुसरा एलएनबी पहिल्याच्या डावीकडे आणि थोडा खाली येणार. साठ सेंटीमीटरच्या छत्रीवर आडवं अंतर साधारण सात-आठ सेंटीमीटर आणि खाली चार-पाच. दांड्यावर आडवी पट्टी बसवून त्यावर तो सरकता ठेवा, नेमकी जागा बॉक्सच सांगेल. छत्री मात्र आता हलवायची नाही. आधी पहिला उपग्रह पक्का, नट आवळलेले, आणि मगच दुसऱ्या एलएनबीला हात. हा क्रम मोडला की संध्याकाळपर्यंत दोन्ही जातात.

हाच खेळ ८८ आणि साडेत्र्याण्णवचा करायला गेलात तर अडचण येते. कारण लहान छत्रीवर दोन एलएनबींच्या मध्यांत चार-साडेचार सेंटीमीटरचं अंतर यायला हवं आणि डबेच सहा सेंटीमीटर रुंद असतात. ते एकमेकांना टेकतात, जागेवर बसतच नाहीत. तिथे नव्वद सेंटीमीटरची छत्री घ्यावी किंवा सरळ दोन छत्र्या लावाव्यात. माझं विचाराल तर दोन छत्र्या. जुनी छत्री भंगारच्या भावात मिळते आणि डोकं शांत राहतं.

तिसरी परिस्थिती हौशी लोकांची: सहा-आठ फुटी जाळीची छत्री, सी बँड. १०५.५ आणि १००.५ हे एशियासॅटचे दोन उपग्रह एका छत्रीवर घ्यायचे. इथे दोन एलएनबींमध्ये नऊ-दहा सेंटीमीटरच अंतर येतं आणि त्यांच्या भोवतीच्या गोल रिंगा त्याहून मोठ्या, म्हणून दोन्ही रिंगा एका बाजूनं करवतीनं कापून जोडतात. जुन्या केबलवाल्यांचं हे कसब होतं. देशविदेशातले उघडे, म्हणजे पैसे न भरता दिसणारे चॅनल शोधत रात्री जागवणारी माणसं तालुक्याच्या गावी अजून सापडतात. आता त्यांच्यापुढे नवी अडचण आहे. ऑक्टोबर २०२२ पासून देशात फाइव्ह-जी आलं, त्याच्या काही लहरी सी बँडच्या अगदी शेजारच्या. टॉवर जवळ असेल तर एलएनबी बावचळतो आणि वेगळा फिल्टर लावावा लागतो.

दोन एलएनबी एका बॉक्सला जोडायचे तर मध्ये डायसेक नावाचा छोटा स्विच येतो. बॉक्स त्याच वायरीतून त्याला खूण पाठवतो, एक नंबर की दोन नंबर. बॉक्सच्या मेनूत कोणता उपग्रह कोणत्या नंबरवर हे सांगावं लागतं. हे फक्त बाजारात मिळणाऱ्या उघड्या चॅनलच्या बॉक्सवर चालतं. कंपनीचा बॉक्स आपल्या उपग्रहाशिवाय दुसऱ्याला ओळखत नाही. मघाच्या दोन भावांच्या घरी स्विच नकोच, दोन एलएनबी, दोन वायरी, दोन बॉक्स, मामला संपला. एका वायरीला टी लावून दोन बॉक्स जोडू नयेत. बॉक्स एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट पाठवून सांगतो की उभ्या लाटा दे किंवा आडव्या दे. दोन बॉक्स वेगवेगळं सांगू लागले की एलएनबी कुणाचं ऐकणार? सासू आणि सून एकाच वेळी बोलल्यावर घरातल्या माणसाची होते तशी त्याची गत होते. आणि हो, सिग्नल पकडला म्हणजे चॅनल दिसला असं नाही. पैसे भरून बघायचे चॅनल कुलूपबंद असतात, छत्री कितीही नेमकी लावली तरी कुलूप उघडत नाही. गावात कुणी उघडून देतो म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

आता नेमकेपणाबद्दल. बॉक्सच्या पडद्यावर दोन पट्ट्या दिसतात, एक स्ट्रेंग्थ आणि एक क्वालिटी. पहिलीकडे बघू नका; छत्री भिंतीकडे वळवली तरी ती निम्मी भरलेली दिसते. दुसरी पट्टी खरी. ती हलली की थांबा. छत्री एकदम फिरवू नका, एक बोटभर सरकवा आणि तीन-चार सेकंद वाट बघा. बॉक्सला चित्र जुळवायला तेवढा वेळ लागतो. आडवं पक्कं झालं की खालीवर, मग पुन्हा आडवं. शेवटी एलएनबी त्याच्या पकडीत गोल फिरवून बघा. उपग्रह दक्षिणेपासून जितका बाजूला तितका एलएनबी कलता ठेवावा लागतो, आणि आपल्याकडे हा कल चांगलाच मोठा असतो. कंपनीच्या दुसऱ्या उपग्रहावरून फ्री डिशकडे वळवलेल्या छत्र्यांमध्ये हाच एलएनबी जुन्या कोनात राहून गेलेला असतो. चित्र येतं, पण जेमतेम.

हे ‘जेमतेम’ घात करतं. जुन्या टीव्हीला सिग्नल कमी पडला तर मुंग्या दिसायच्या, आपण ओळखायचो. आताचं चित्र एक तर लख्ख दिसतं नाही तर दिसतच नाही. उन्हात जेमतेम लावलेली छत्री लख्ख चित्र दाखवते आणि घरमालक खूश होतो. मग परतीचा पाऊस येतो. अडीच सेंटीमीटरच्या लाटेला पावसाचे टपोरे थेंब अडवतात, क्वालिटी घसरते आणि पडदा काळा होतो. सी बँडची लाट तिप्पट लांब, तिला पावसाचं फारसं काही नाही. घरगुती छत्रीला मात्र उन्हाळ्यातच शेवटच्या रेघेपर्यंत नेमकं करून ठेवावं लागतं, म्हणजे पावसात घसरायला जागा उरते. ऑक्टोबर २०२० मध्ये लोहारा-उमरगा भागात अतिवृष्टी झाली, सास्तूरच्या बाजूला शेतं खरडून गेली. ज्या रात्री कुठे पाणी चढतंय हे कळायला हवं होतं त्या रात्री गच्च्यांवरच्या छत्र्या आंधळ्या होत्या. बॅटरीवरचा रेडिओ चालू होता. मी रेडिओवर बोलतोय म्हणून म्हणत नाही. मीडियम वेव्हची लाट शेकडो मीटरची असते, थेंबाचं तिला काय.

त्याच वर्षी जुलैपासून सह्याद्रीवर शाळेच्या मुलांसाठी ‘टिली मिली’ मालिका सुरू झाली होती. शाळा बंद, मोबाइल एका घरात एक, त्यालाही रेंज नाही. ज्या घरी फ्री डिश नीट लागलेली होती त्या घरची पोरं सकाळी टीव्हीपुढे वही घेऊन बसत. त्या दिवसांत मला जितके फोन आले तितके क्रिकेटच्या विश्वचषकातही आले नाहीत. आणि मागणी एकच, सर, पावसात जातंय, काहीतरी करा.

करायचं ते फार नाही. वायरीचं टोक जिथे एलएनबीला जोडलं जातं तिथे पाणी शिरतं. तिथे रबरी टोपी किंवा चिकट टेप, आणि वायरीला खाली एक वळसा द्या म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जाईल. शेजाऱ्याचं शेवग्याचं झाड वर्षात छत्रीच्या नजरेत येतं, फांदी छाटायची परवानगी आधीच मागून ठेवा. वीजवाहिनी गच्चीजवळून जात असेल तर लोखंडी खांब उचलायचाच नाही, आधी वीज मंडळाच्या माणसाला बोलवा. पाऊस पडत असताना, आभाळ गडगडत असताना मालिका चुकली तरी चालेल, गच्चीवर जायचं नाही. दरवर्षी छत्री नीट करायला चढलेल्या माणसाच्या पडण्याची किंवा शॉक लागण्याची बातमी कुठून ना कुठून येते.

शेवटचं काम छत्री पक्की झाल्यावर करायचं. माकडं आमच्याकडे छत्रीवर बसतात, वावटळ येते, पोरं पतंग काढायला चढतात. छत्री कधी ना कधी हलणारच. म्हणून सगळे नट आवळून झाले की खांबावर आणि पकडीवर मिळून एक उभी रेघ ऑइल पेंटनं ओढा, उंचीच्या पट्टीवर एक आणि दुसरा एलएनबी असेल तर त्याच्या पट्टीवर एक. हलली की रेघेला रेघ जुळवायची, पाच मिनिटांचं काम. रंगाचा डबा नसेल तर घरात नेलपॉलिश असतंच, तेही उन्हापावसात दोन-तीन वर्षं टिकतं.